निदान लिहा, ठपका नको

2025 च्या जुलैत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्थूलतेला आळा घालण्यासाठी कार्यालयांत खाद्यपदार्थांतील तेल-साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावण्याचे सुचवल्याची बातमी आली, तेव्हा कोल्हापुरातल्या आमच्या नातलगांत ‘आता मिसळीचा कटही चमच्याने मोजायचा का’ इथपासून ‘तालमीत हा फलक लावायला कोण धजावणार’ इथपर्यंत वाद रंगला. अमेरिकेत डॉक्टरांच्या नोंदी वाचून त्यांना निदानाचे कोड लावणे हा माझा व्यवसाय असल्याने मला वेगळेच खटकले: ताटाबद्दल एवढे बोलणारे आपण केसपेपरबद्दल अवाक्षरही काढत नाही.

काकूंची फाईल मी पाहिली आहे. रक्तदाब, मधुमेह, गुडघ्यांची झीज, गोळ्यांची नावे सारे व्यवस्थित आहे. वजन एका कोपऱ्यात आहे, उंची कुठेच नाही आणि शेवटी ‘वजन कमी करा’ एवढा आदेश आहे. स्थूलता हे निदान मात्र कुठेही नाही. उद्या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तर विम्यासाठी नियामकाच्या 2019 च्या नियमांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 40 तरी हवा, किंवा 35 असून सोबत आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहासारखा गंभीर विकार आणि इतर उपाय फसल्याचा इतिहास हवा. तो इतिहास या फाईलमधून कसा काढणार?

इकडे अमेरिकेत बीएमआयचा आकडा परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ नोंदवू शकतात, पण निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच लिहावे लागते. आकडा 42 दिसला म्हणून कोडरने स्वतः निष्कर्ष काढायचा नाही, विचारणा करायची. (ही शिस्त रुग्णप्रेमापेक्षा बिलापोटी आलेली आहे, हे कबूल.)

मात्र इथलेही सारे उचलण्याजोगे नाही. डॉक्टरांनी नुसते ‘मॉर्बिड ओबेसिटी’ (अतितीव्र स्थूलता) लिहिले, तर कोडची सूची ई66.01 कडे नेते आणि त्या कोडच्या वर्णनात ‘अतिरिक्त कॅलरींमुळे’ हे कारण आयतेच बसलेले असते. रुग्ण काय खातो हे कुणी विचारलेले नसते, तरी जादा खाण्याचा ठपका कागदावर येतो. औषधांमुळे वाढलेल्या वजनासाठी ई66.1 आहे, पण डॉक्टरांनी तसे लिहिले तरच. 1 ऑक्टोबर 2024 पासून ई66.811 ते ई66.813 हे कोड आले, ज्यांत स्थूलतेचा केवळ तीव्रतेनुसार वर्ग सांगितला जातो, कारण नाही. माझ्या मते ही सुधारणा फार उशिरा झाली.

आपल्याकडे म्हणून डॉक्टरांनी निदान लिहावे आणि अतिआहार हे कारण आहाराची चौकशी केल्यावरच जोडावे. भारतीयांसाठी स्थूलतेची सीमा बीएमआय 25 मानली जाते, पाश्चात्त्यांची 30 नव्हे. तरीही पिळदार अंगाच्या पैलवानाला हा आकडा फसवतो, म्हणून कंबरेचा घेरही हवा: पुरुषांत 90 सेंटिमीटर, स्त्रियांत 80. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना वेळ नसतो हे मान्य, पण उंची आणि घेर परिचारिका टेप घेऊन मिनिटाभरात मोजते. डॉक्टरांकडे उरते ती निदानाची एक ओळ.