कोपीतली वाकळ

टोरंटोच्या ‘स्लीपिंग चिल्ड्रन अराउंड द वर्ल्ड’चे स्वयंसेवक स्वखर्चानं परदेशी जाऊन गरीब लेकरांना अंथरूण-पांघरूण वाटतात, तेही १९७० पासून! मला पटलं ते हे, की सामान ज्या त्या देशातच बनवून घेतात.

आमच्या बीडकडची ऊसतोडीची लेकरं दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जातात. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, खाली उसाचं पाचट, वर आईच्या लुगड्यांची वाकळ. एका वाकळंत चौघं; कडेचं रात्रभर ओढाओढी करतंय. मागच्या पौषात आम्ही चाळीस ब्लँकेटं नेली (हौसच ती), तर सगळी बोचरी. लेकरं पुन्हा वाकळंतच शिरली. औंदा गावातल्या बायांकडून वाकळाच शिवून घेतोय. जुनी लुगडी घरोघरची, दोरा तेवढा विकतचा.