वरच्या मजल्याला तेल चढेना

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली आणि आमच्या अ‍ॅम्बॅसिडरच्या डोक्यात टिकटिक सुरू झाली.

गाडी 1978 ची, मार्क 3. वडिलांनी घेतली तेव्हा ती गल्लीतली पहिली मोटार होती, आता गल्लीतली शेवटची अ‍ॅम्बॅसिडर आहे. 2014 मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्याने ही गाडी करायचं सोडलं. मला ते जमलेलं नाही. आखाजीला बहिणीला आणायला मुराळी म्हणून चोपड्याला जायचं ते याच गाडीने, हा आमच्या घरचा कायदा आहे. बहिणीच्या स्वतःच्या मुलीला स्थळं येऊ लागलीत, पण दाराशी अ‍ॅम्बॅसिडर उभी राहिल्याशिवाय ती माहेरची पिशवी भरत नाही.

पहिल्या दिवशी बायको म्हणाली, "बरं वाटतं ऐकायला. शिलाई मशीन चालल्यासारखं." चार दिवसांनी त्या मशीनवर कोणीतरी गोणपाट शिवायला घेतलं. मग गल्ली गोळा झाली.

गाडीचं बॉनेट उघडलं की अमळनेरात माणसं कुठून येतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. पाणी आलं म्हणून हाक मारली तरी इतकी येत नाहीत. एकाने पेट्रोलवर ठपका ठेवला. एकाने कार्बोरेटर सुचवला, कारण त्याला तेवढाच एक पार्ट नावानिशी ठाऊक होता. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका मात्र अभ्यासू निघाले. 2000 साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, तेव्हापासून जुन्या इंजिनांच्या झडपांची बैठक झिजते, असं त्यांनी सांगितलं. बोलणं खरं होतं, पण झडप बैठकीत खोल गेली तर झडपेला वरून दाबणाऱ्या रॉकरची फट कमी होते आणि आवाज उलट दबतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यानंतर ते आमच्याकडे चहाला आलेले नाहीत.

आईने ओट्यावरूनच विचारलं, "गाडीले मंगय तं नही ना रे भाऊ?"

शंका अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मंगळग्रहाचं देऊळ आमच्याच गावात आहे, मंगळवारी लांबलांबून लोक येतात. लोक बाहेरगावाहून येणार आणि आपण गावात राहून गाडी तशीच ठेवणार? मी आरसी बुक काढून जन्मतारीख पाहिली, हे कबूल करतो.

मग मीच हात घातला. ऑइलची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेपर्यंत, रंगही बरा. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. म्हणजे तेल आहे, पंपही ढकलतोय. तेलाकडून क्लीन चिट. राहिले टॅपेट, म्हणजे रॉकर आणि झडप यांच्यातली फट.

टॅपेट सेट करणं हा माझा अभिमानाचा विषय आहे. या इंजिनात आठ झडपा, आणि नऊचा नियम. एक नंबरची झडप पूर्ण उघडलेली असेल तेव्हा आठ नंबरची फट मोजायची, तीन उघडी असेल तेव्हा सहाची. बेरीज नऊ आली पाहिजे. इंजिन बंद करून, टॅपेट कव्हर काढून, फिलर गेजची पंधरा थाऊची पट्टी घालून मी आठही रॉकर दुरुस्त केले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढ्या बारीक हिशोबाचं काम मी घरखर्चात कधी केलेलं नाही, असं बायकोचं म्हणणं.

गाडी एक दिवस गप्प बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोणपाट.

शेवटी आप्पा मिस्तरींना बोलावलं. आप्पा कमी बोलतात आणि जे बोलतात ते अहिराणीत. आल्या आल्या त्यांनी लांब पेचकस काढला, टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर नाडी बघताना बघतात तसं माझ्याकडे बघितलं. मग कव्हर काढलं आणि म्हणाले, "मारा स्टार्टर."

कव्हर काढून इंजिन चालवायचं हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं तेलाचं कारंजं उडेल, अंगणात होळी होईल. काही उडालं नाही. आठ रॉकर खालीवर डुलत होते आणि सगळे कोरडे, चैत्रातल्या बोरी नदीसारखे. आप्पांनी एका रॉकरवर बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर काळपट पूड होती.

"खाले तेल शे," आप्पा म्हणाले, "वर चढी नही ऱ्हायनं."

हे मला लगेच पटलं, कारण आमच्या नळाचं तेच आहे. खालच्या मजल्यावर हौद भरून वाहतो, वरच्या मजल्यावर नळ नुसता खोकतो. तो लाल दिवा म्हणजे खालच्या मजल्याचा भाडेकरू. त्याला पाणी मिळालं की तो म्हणतो पाणी आलं. वर काय चाललंय हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याने कधी विचारलेलंही नसतं.

तेल चेंबरमधून पंपाने उचललं जातं, आधी क्रँकच्या बेअरिंगांना मिळतं, तिथून झडपा हलवणाऱ्या कॅमच्या दांड्याला, आणि कॅमच्या एका बेअरिंगपासून ब्लॉक आणि हेडमधल्या बारीक वाटेने वर येतं. वर रॉकर ज्या दांडीवर डुलतात ती दांडी पोकळ असते, दोन्ही तोंडांना बूच. तिला धरणाऱ्या ब्रॅकेटांपैकी एकाच ब्रॅकेटला खालून भोक, त्यातून तेल दांडीत शिरतं आणि प्रत्येक रॉकरखालच्या छिद्रातून पाझरतं. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेलं तेल कुठेही अडू शकतं. वाटेत गाळ बसला, हेडचं पॅकिंग उलटसुलट बसलं, दांडीचं बूच निसटलं, काहीही.

आणि हे सगळं अमळनेरात. 1945 साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. तेलावर एवढं साम्राज्य उभं राहिलं त्या गावात माझ्या आठ रॉकरना चमचाभर तेल मिळेना.

दांडी उतरवायची तर या इंजिनात आणखी एक गंमत आहे. ब्रॅकेटचे निम्मे नट ते हेडचेही नट असतात. सामाईक भिंतीसारखं. एकाने आपली वीट काढली की दुसऱ्याचं घर हलतं. म्हणून रेडिएटरचं पाणी काढून, हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे सैल करायचे. आप्पांनी गोटी पाना लावता लावता विचारलं, "हाई पह्यले कोनी खोलेल व्हतं?"

मी पिंपळाकडे बघितलं.

मागच्या दिवाळीत मी घरातले पितळी डबे, कंदील आणि रॉकरचा सांगाडा अशा तीन गोष्टी घासल्या होत्या. सांगाडा घासलेटमध्ये बुडवून ब्रशने असा लख्ख केला की लक्ष्मीपूजनाला ठेवावा. परत बसवल्यावर एक स्क्रू उरला. उघडलेलं काहीही परत बसवलं की एक स्क्रू उरतोच, पंख्याचा उरतो, मिक्सरचा उरतो, गाडीचा का नाही? तो मी बामच्या रिकाम्या डबीत टाकून डिक्कीत ठेवला. गाडी सुरू झाली होती. स्क्रूवाचून तिचं काही अडलेलं दिसत नव्हतं.

आप्पांनी दांडी ब्रॅकेटसकट वर काढली, उन्हात फिरवून बघितली. एका ब्रॅकेटच्या अंगाला आटे पाडलेलं भोक होतं, रिकामं.

"आठला स्क्रू कथा गया?" आठला म्हणजे इथला.

तो स्क्रू दांडीला जागेवर धरतो. त्याच्यामुळे दांडीतलं भोक ब्रॅकेटच्या भोकासमोर राहतं. स्क्रू नसला की दांडी रॉकरच्या डुलण्याबरोबर केसाकेसाने फिरत जाते. दिवाळीला भोकासमोर भोक होतं, संक्रांतीला अर्धं, आणि आखाजीच्या तोंडावर दांडीने तेलाकडे साफ पाठ फिरवली. गल्लीत सहा जणांनी निदान केलं आणि मूळ माझ्याच डिक्कीत, बामच्या डबीत.

मी डबी आणली. आप्पांनी त्यातला एक स्क्रू उचलून भोकात फिरवला, तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. ते काहीच बोलले नाहीत. एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दांडी खालच्या अंगाने खाल्ली गेली होती, ती धुळ्याहून मागवली. रॉकरच्या टोकांवर झडपेने खळ्या पाडल्या होत्या. माझी पंधरा थाऊची पट्टी त्या खळीवर पुलासारखी टेकायची आणि खालची खरी फट तशीच राहायची, हे तेव्हा कळलं. म्हणजे माझा बारीक हिशोबही घरखर्चासारखाच निघाला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी कव्हर उघडं ठेवून पुन्हा स्टार्टर मारला. आम्ही तिघं वाकून बघत होतो, आप्पा, मी आणि आई. मिनिटभर काही नाही. मग पहिल्या रॉकरखाली एक थेंब चमकला, मग दुसऱ्या. कारंजं वगैरे नाही, घाम फुटावा तसं तेल फुटलं. आई म्हणाली, "उनं ना पानी!" थोडं तेल ओघळून तापल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं, निळा धूर निघाला, आणि घरातून बायको बादली घेऊन धावत आली. तिला आवरलं नसतं तर ती बादली आठही रॉकरना पुरली असती.

टिकटिक पार गेली असं नाही, एवढ्या वयाचं इंजिन थोडं पुटपुटतंच. पण गोणपाट गेलं. तापी ओलांडून चोपड्याला पोचलो तेव्हा साडेदहाच वाजले होते आणि डांबर चिकटायला लागलं होतं. बहिणीच्या दाराशी गाडी उभी केली. कोणी बाहेर आलं नाही. हॉर्न वाजवला. तो 2019 पासून वाजत नाही, हे विसरलो होतो.

दार ठोठावल्यावर ती बाहेर आली, केसांना तेल लावत. "दादा, तू कव्हय उना? आवाजच नही उना!" पिशवी भरलेली नव्हती. कोपऱ्यावर टिकटिक ऐकू आली की ती पिशवी भरायला घेते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तिची पिशवी भरून होईपर्यंत जावईबापू गाडीभोवती फेरी मारत होते. त्यांनी चारही बाजूंनी गाडीवर थापा मारल्या आणि मागे येऊन थांबले.

"दादा, इथे काहीतरी खडखडतंय."

डिक्की उघडली. स्टेपनीच्या कडेला बामची डबी होती. झाकण काढलं तर आत अजून एक स्क्रू, आप्पांनी बसवला त्याहून बोटभर लांब.

मी झाकण लावलं, डबी खिशात टाकली आणि आत हाक मारली, "आटप ना बाई, ऊन वाढतंय."