विमानाला बांधलेली बस

जळगाव विमानतळासाठी स्वतंत्र वातानुकूलित बस सुरू करावी, अशी मागणी अलीकडे आपल्याकडे वारंवार होते आहे. मागणी करणाऱ्यांची अडचण खरी आहे, हेतूही चांगला आहे. तरीही ही मागणी आज ज्या स्वरूपात मांडली जाते, त्या स्वरूपात ती मला मान्य नाही. माझी सारी नोकरी एसटीच्या वाहतूक शाखेत गेली आणि चालू मार्गांपेक्षा बंद पडलेल्या मार्गांचे कागद वाचण्याची खोड मला तेव्हापासूनची आहे. मार्ग बंद झाला की ‘भारमान मिळत नव्हते’, म्हणजे आसनांच्या मानाने पुरेसे प्रवासी नव्हते, एवढे एक कारण लिहून फाईल मिटवली जाते. विमानतळाच्या बसच्या बाबतीत ते कारण बहुधा अपुरे असते, आणि याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे आहे. तिथली एक गाजलेली विमानतळ बस भरभरून चालत असे आणि तरीही ती बंद झाली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ब्रिटिश युरोपियन एअरवेज ही सरकारी विमान कंपनी स्थापन झाली. पुढे मी तिला बीईए म्हणतो. त्या काळी विमानाचा प्रवासी विमानतळावर नव्हे, तर शहरातच हजेरी लावत असे. त्यासाठी कंपनीने लंडनमध्ये ‘एअर टर्मिनल’ उभारले होते. पहिल्या काही जागा बदलून १९५७ मध्ये ते केन्सिंग्टन भागात क्रॉमवेल रोडवर, रेल्वेच्या रुळांवर बांधलेल्या इमारतीत आले. प्रवाशाने तिथे यायचे, तिकीट दाखवायचे, बॅग काट्यावर ठेवायची, तिला चिठ्ठी बांधून घ्यायची आणि मोकळ्या हातांनी हीथ्रो विमानतळाच्या बसमध्ये जाऊन बसायचे. बॅग पुन्हा दिसे ती थेट पॅरिसला किंवा रोमला उतरल्यावर. बस कंपनीच्या मालकीची असे, पण ती चालवण्याचे काम शहराच्या बससेवेकडे, म्हणजे लंडन ट्रान्सपोर्टकडे दिलेले होते. मालकी एकाची आणि स्टेअरिंग दुसऱ्याकडे, ही पद्धत आज आपल्याकडे भाडेतत्त्वावरील गाड्यांमुळे नवी वाटते. ती तिकडे तेव्हाच रुळलेली होती.

या सेवेचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक बस एका ठरावीक उड्डाणाशी जोडलेली असे. अमुक उड्डाणाचे प्रवासी अमुक गाडीत, असा हिशेब. त्यामुळे गाडी वाहतुकीत अडकली तर त्या विमानाचे जवळजवळ सगळे प्रवासी एकदम उशिरा पोहोचत आणि विमानाला त्यांच्यासाठी थांबण्यावाचून गत्यंतर नसे. वेळापत्रक लावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रचना जितकी देखणी, तितकीच ती नाजूक होती.

गाड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो भाग मला मनापासून आवडतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस या मार्गासाठी ६५ खास गाड्या बांधल्या गेल्या. त्यांचा मागचा अर्धा भाग वर उचललेला होता, त्यावर प्रवासी बसत आणि त्याच्या पोटात सामानाची खोली असे. या गाड्यांना ‘दीड मजली’ म्हणत. सामानाच्या खोलीने जागा खाल्ल्यामुळे आसने ३७ च बसली. प्रवासी वाढू लागले तेव्हा लंडन ट्रान्सपोर्टने १९६४ मध्ये पुढच्या बाजूला दार असलेली ‘रूटमास्टर’ जातीची एक दुमजली बस बीईएला चाचणीसाठी दिली आणि तिच्या मागे सामानाचा ट्रेलर जोडून पाहण्यात आला. प्रयोग जमला, आणि १९६६ च्या अखेरीपासून १९६७ पर्यंत तशा ६५ दुमजली गाड्या रस्त्यावर आल्या. आसने ५६, पुढून बंद होणारे दार, आणि मागे दोन चाकांची पेटी. नुकत्याच झालेल्या एम-फोर महामार्गावरून त्या ताशी ७० मैलांच्या आसपास वेगाने धावू शकत. प्रवासी आणि सामान यांची दारे वेगळी केली की थांब्यावरचा वेळ किती वाचतो, हे ज्याने लग्नसराईत एसटीच्या दारात अडकलेली वळकटी सोडवली आहे त्याला सांगावे लागणार नाही. ट्रेलरमुळे आणखी एक सोय झाली. गाडी बिघडली तर पेटी दुसऱ्या गाडीला जोडता येई, बॅगा उतरवून पुन्हा चढवण्याची दगदग नव्हती. या गाड्या आधी निळ्या-पांढऱ्या आणि पुढे नारिंगी-पांढऱ्या रंगात रंगवल्या गेल्या. त्या नारिंगी रंगातली छायाचित्रे बसप्रेमी मंडळी आजही जपून ठेवतात.

मग ही सेवा बंद का झाली? प्रवासी मिळत नव्हते म्हणून नव्हे. तिला धरून ठेवणारे तीन टेकू चार-पाच वर्षांत एकामागून एक निघाले. विमाने मोठी होत गेली, तसा एका उड्डाणाचे प्रवासी शहरात गोळा करून बसने पाठवण्याचा व्याप कंपनीला परवडेनासा झाला, आणि १९७४ च्या सुरुवातीपासून क्रॉमवेल रोडवरची हजेरीच थांबवण्यात आली. त्याच वर्षी बीईए आणि तिची मोठी बहीण बीओएसी (लांब पल्ल्याची सरकारी विमान कंपनी) यांची मिळून ब्रिटिश एअरवेज झाली, म्हणजे ज्या कंपनीने ही बस स्वतःच्या प्रवाशांसाठी वाढवली होती ती कंपनीच स्वतंत्र उरली नाही. तिसरा टेकू भुयारी रेल्वेने काढला. तिचा पिकॅडिली मार्ग १९७५ मध्ये विमानतळाजवळच्या हॅटन क्रॉसपर्यंत आला आणि १६ डिसेंबर १९७७ रोजी हीथ्रो सेंट्रल स्थानकाचे उद्घाटन झाले. शहराच्या मध्यातून विमानतळाच्या खाली नेणारी, सिग्नलला न अडकणारी आणि कोणत्याही कंपनीच्या प्रवाशाला घेणारी गाडी मिळाल्यावर क्रॉमवेल रोडच्या बसचे काम संपले. मार्च १९७९ अखेर ती थांबली. टर्मिनलच्या जागी पुढे किराणा-भाजीचे मोठे दुकान आले. गाड्यांचे नशीब मात्र बरे होते. त्यांपैकी काही लंडन ट्रान्सपोर्टने १९७५ पासूनच विकत घेऊन रोमफर्डकडच्या १७५ क्रमांकाच्या साध्या मार्गावर लावल्या होत्या, आणि विमानाच्या प्रवाशांसाठी बांधलेल्या त्या नारिंगी गाड्यांतून बाजाराला आणि कामाला जाणारी माणसे प्रवास करत होती.

या सेवेच्या आठवणीने हळहळणारे लोक भेटतात. मला ती गाडी आवडते, पण मार्ग बंद करण्याचा निर्णय बरोबर होता असेच माझे मत आहे. ज्या वेळी ती नारिंगी बस थाटात धावत होती, त्याच वेळी विमानतळाकडे साध्या लाल बसही जात होत्या. त्यांत विमानाचे प्रवासी कमी आणि विमानतळावर काम करणारे लोक जास्त असत: सफाई करणारे, सामान उचलणारे, स्वयंपाकघरात पाळ्या करणारे. साउथहॉलच्या पंजाबी वस्तीतून हीथ्रोला जाणारी १०५ क्रमांकाची बस आजही चालू आहे. तिला कुणी खास रंग दिला नाही, तिच्या मागे ट्रेलर नव्हता, तिचे छायाचित्र कुणी भिंतीवर लावत नाही. ती कोणत्याही विमान कंपनीच्या जिवावर नव्हती, एवढ्याच कारणाने ती टिकली.

आता आपल्या विमानतळाकडे या. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला आहे. तिथली धावपट्टी १९७३ ची, सार्वजनिक बांधकाम विभागाने केलेली (धुळ्याकडचे कुसुंबे वेगळे, तिकडे कुणी जाऊ नये). नवी इमारत २०१२ मध्ये झाली. केंद्राची उडान योजना आल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे १९ आसनांचे विमान मुंबईहून आले आणि काही महिन्यांतच ती सेवा खंडित झाली. सप्टेंबर २०१९ पासून ट्रूजेटची विमाने येऊ लागली. मधल्या काळात कोरोना आला आणि २०२२ च्या सुरुवातीस त्या कंपनीचेच उड्डाण थांबले. त्यानंतर दोन वर्षे विमानतळ प्रवाशांविना होता. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय-९१ ने गोवा आणि हैदराबादची सेवा सुरू केली, पुढे पुण्याची, आणि जून २०२४ मध्ये अलायन्स एअरने मुंबईची. हा सगळा इतिहास एका वेळापत्रक लावणाऱ्याच्या नजरेने वाचा. या काळात जर आपण एक खास विमानतळ बस सुरू केली असती, तर ती किती वेळा सुरू करून किती वेळा बंद करावी लागली असती? आणि प्रत्येक वेळी कागदावर कारण काय लिहिले गेले असते? ‘भारमान नाही.’ एकदा ते दोन शब्द फाईलवर चढले की पुढच्या मागणीच्या वेळी तीच फाईल पुढे केली जाते, हे मी आतून पाहिलेले आहे.

याला कुणी बेंगळुरूचे उदाहरण देईल, आणि ते उदाहरण रास्त आहे. आपली कितीतरी मुले तिकडे नोकरीला आहेत, त्यांना वायुवज्र बस माहीत आहे. २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून ती वातानुकूलित सेवा चालू आहे आणि उत्तम चालू आहे. पण तिथे विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे, विमाने रात्रंदिवस उतरतात, आणि टॅक्सीचे भाडे ऐकून माणूस आपणहून बसकडे वळतो. आपल्याकडे स्टेशनपासून विमानतळ सहा-सात किलोमीटरवर आहे आणि दिवसाकाठी मोजकी विमाने, तीही साधारण सत्तर आसनांची. त्यातल्या निम्म्या लोकांना घ्यायला घरची गाडी आलेली असते; खान्देशात पाहुण्याला स्टेशनवर घ्यायला न जाणे अजून कमीपणाचे मानतात, मग विमानतळाची काय कथा. उरलेल्या प्रवाशांच्या जोरावर स्वतंत्र बस चालणार नाही, मग ती विजेवर चालो की डिझेलवर.

तरीही बस हवी, आणि ती कुणासाठी हवी हे विमानतळाच्या फाटकाबाहेर दुपारी तासभर उभे राहिले की दिसते. वैशाखाच्या उन्हात चाकांची बॅग डांबरावरून ओढत अजिंठा रस्त्याकडे निघालेला एखादा विद्यार्थी असतो, कारण रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा त्याच्या खिशाला झेपणारा नसतो. त्याच्या मागोमाग पाळी संपवून निघालेले सुरक्षा रक्षक आणि सफाईच्या बाया असतात. त्या रस्त्यावर जाऊन हात करतात. जामनेरची किंवा सिल्लोडकडून येणारी एसटी थांबली तर ठीक, नाहीतर शेअर रिक्षात चौथ्या-पाचव्या आसनावर दाटीवाटीने बसून अजिंठा चौफुलीपर्यंत येतात. याच पट्ट्यात एमआयडीसी आहे, कुसुंबा आहे, पुढे चिंचोली आणि उमाळे आहे. दाणा बाजारात हमालीला येणारा, कॉलेजला येणारा, डाळ मिलमध्ये पाळीला जाणारा माणूस याच रस्त्याचा आहे, आणि विमान आले काय आणि न आले काय, त्याला रोज यायचे-जायचे आहे.

आपली मुक्कामी गाडी आठवा. रात्री खेड्यात थांबून पहाटे तालुक्याला येणारी ती गाडी एकट्या विद्यार्थ्यांवर किंवा एकट्या दूधवाल्यांवर कधीच चालली नसती. कोर्टाची तारीख असलेला, दवाखान्यात निघालेली बाळंतीण आणि बाजाराला निघालेली म्हातारी मिळून तिचे भारमान होत असे. विमानतळाची बस अशीच बांधली पाहिजे. स्टेशन, टॉवर चौक, अजिंठा चौफुली, एमआयडीसी, कुसुंबा आणि पुढे, असा साधा शहरी मार्ग. फक्त ज्या वेळेला विमान आहे त्या वेळेच्या फेऱ्यांनी विमानतळाच्या दारापर्यंत वळसा घ्यायचा. वळशाचे दोन-तीन जास्तीचे किलोमीटर कुणालाही जड नाहीत. विमान बंद पडले तर वळसा बंद होईल, मार्ग राहील.

पैशाचा मुद्दा काढणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. उडान योजनेत विमानातल्या ठरावीक आसनांचे भाडे कमी ठेवून कंपनीची तूट तीन वर्षांपर्यंत सरकार भरून देते आणि त्यात राज्याचा वाटा २० टक्के असतो. म्हणजे हैदराबादहून कुसुंब्यापर्यंतचा प्रवास स्वस्त व्हावा म्हणून सरकारी पैसा खर्च होतो, आणि कुसुंब्याहून घरापर्यंतच्या सहा किलोमीटरांसाठी मात्र ‘तोटा कोण सोसणार’ असा प्रश्न विचारला जातो. मला हा प्रश्न विचारणेच विचित्र वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा या विजेवरच्या शहर बसच्या योजनेतील शहरांत जळगावचे नाव आहे, त्या योजनेत गाडी किती किलोमीटर धावली यावर ठरावीक वर्षे केंद्राची मदत मिळते. जळगावात शहर बस पूर्वी चालली आणि बंद पडली, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नव्या गाड्यांचे मार्ग आखले जातील तेव्हा विमानतळाच्या नावाची वेगळी पाटी मागण्यापेक्षा अजिंठा रस्त्यावर पुरेशा फेऱ्या मागाव्यात.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, तो असा की विमानाला उशीर झाला तर बसने थांबायचे का. खास विमानतळ बस असती तर थांबावेच लागले असते, आणि मग चालकाची पाळी, पुढची फेरी, सगळेच कोलमडले असते. क्रॉमवेल रोडच्या बसला हेच ओझे उलट बाजूने होते: तिच्यासाठी विमानाला थांबावे लागे. साध्या मार्गावर दर अर्ध्या-पाऊण तासाने फेरी असेल तर कुणीच कुणासाठी थांबायचे नाही, उशिरा उतरलेला प्रवासी पुढच्या गाडीने येईल. पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची, या दोन फेऱ्यांपुरती पंधरा मिनिटांची सवलत ठेवावी आणि तसे वेळापत्रकावर छापावे, म्हणजे वाहतूक नियंत्रकाला प्रत्येक वेळी साहेबांना फोन करावा लागणार नाही.