पाटील म्हणजे कुठले पाटील?

डिसेंबरात बेळगावात घर शोधायला जाऊ नये. हे मला आधी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी काय उपयोग, कंपनीनं जॉइनिंगची तारीखच डिसेंबरची दिलेली.

मी निपाणीचा. कागदोपत्री बेळगाव आमचं जिल्ह्याचं गाव, पण आमचं सगळं कोल्हापुरात, कपडे तिथं, डॉक्टर तिथं, पिक्चर तिथं. चाळीसेक किलोमीटरवरचं कोल्हापूर सोडून पंचाहत्तरेक किलोमीटरवरच्या बेळगावला कोण जातंय, एखादा दाखला अडला तरच. उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "जिल्ह्यातल्या जिल्ह्यात चाललायस, तोंड कशाला एवढं पाडलायस? येताना कुंदा आण."

म्हटलं पहिले आठ दिवस लॉजवर काढू. लॉज कुठला मिळतोय! २०१२ साली हलग्याजवळ सुवर्णसौध झालं, तिथं डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, म्हणजे अर्धं बेंगळूर बेळगावात उतरतं, आमदार, त्यांचे पीए, पीएंचे ड्रायव्हर, बंदोबस्ताचे पोलीस, वर आंदोलनवाले वेगळेच. एका लॉजवाल्यानं पेन उघडून विचारलं, "कुठल्या खात्याचे?" मी म्हटलं, "मोल्डिंग." त्यानं रजिस्टर मिटलं.

मग शहापूरला आत्याकडं. आत्याचे मिस्टर, म्हणजे आमचे मामा, रिटायर झालेले, त्यामुळं माझं घर हा त्यांचा फुलटाइम जॉब झाला. सदाशिवनगर? लांब पडतंय. सांबरा? विमानतळाजवळ राहून तू कुठं उडणार हायस? हिंडलगा म्हटलं तर मामा हसायलाच लागले, तिथं सेंट्रल जेल, "गावात कुणालाबी सांग हिंडलग्याला असतो म्हणून, पुढचा प्रश्न आत का बाहेर."

कंपनीतल्या सीनियरचा हिशोब वेगळाच, त्याला एरियाशी मतलब नाही, तो फक्त रेल्वे गेट मोजतो. टिळकवाडीला पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, अनगोळला चौथं, बेळगावात पत्ता असाच सांगतात आणि माणसं आयुष्याचा बराच भाग तिथंच गाडी बंद करून काढतात. "तिसऱ्यावर पूल झालाय, तिकडनं ये. चौथ्यातनं शॉर्टकट मारायचा मोह झाला तर आधी घरातनं नाश्ता करून नीघ," असं तो म्हणाला, आणि हाच मला मिळालेला एकमेव खरा सल्ला.

त्याच सीनियरनं एकदा मला म्हटलं, "त्या गल्लीत बाडगी मनी ऐती बघ." मी म्हटलं, मिरची नको, घर पायजे. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग कळलं, इकडच्या कन्नडात मनी म्हणजे घर आणि बाडगी म्हणजे भाडं, ब्याडगीचा काही संबंध नाही. सगळा जन्म कर्नाटकात काढून ही माझी अवस्था, पण निपाणीत कन्नड लागतं कुठं? असो. मग मी "बाडगी मनी ऐतेन्री?" एवढं वाक्य पाठ केलं आणि दारोदार म्हणत सुटलो, अडचण एवढीच की लोक उत्तरपण कन्नडातच द्यायचे.

एके ठिकाणी तर भाडंच नाही म्हणाले. मी मनातल्या मनात कुंद्याचा डबा फोडला. मग म्हणाले, लीजवर हाय, पाच लाख एकदम द्यायचे, भाडं शून्य, सोडताना पाच लाख परत. पाच लाख असते तर मी मोल्डिंगला आलो असतो काय?

पण खरी परीक्षा टिळकवाडीत झाली. चांगली खोली, उजेड, मागं विहीर, आणि झोपाळ्यावर काका.

"नाव काय?"

"पाटील."

काका खूश झाले. मग हळूहळू कमी खूश झाले. कारण आमच्या भागात पाटील म्हटल्यावर काहीच कळत नाही. मराठा पाटील, लिंगायत पाटील, जैन पाटील, गावोगावी पाटीलच पाटील.

"पाटील म्हणजे कुठले पाटील?"

"निपाणीचे."

"ते झालं ओ. मूळचे?"

"मूळचे पण निपाणीचेच."

काकांनी झोपाळा थांबवला. "घरात काय बोलता?"

"मराठी."

"मराठी सगळेच बोलतात. कांदा-लसूण?"

"खातो की."

एक पर्याय कटला असावा, कारण काकांनी बोट मुडपलं. "सोमवार धरता?"

"आई धरते. मी खिचडी खातो."

"बरं. रविवारी काय करता?"

"कपडे धुतो."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मटण खाता काय म्हणून सरळ विचारा की!"

मी म्हटलं, "खातो, पण बाहेर."

"बाहेर खाल्लं तरी पोटात घालून इथंच येणार न्हवं," काकू म्हणाल्या. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. चहा मात्र चांगला होता.

शेवटी खोली मिळाली वडगावात. वर मी, खाली यंत्रमाग. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मालकीण मावशींचे फक्त ओठ हलताना दिसत होते, भाडं त्यांनी बोटांवर सांगितलं आणि मी मान हलवली. "चार दिवसात कानाला सवय होतीय," हे वाक्य त्यांनी बाहेर रस्त्यावर नेऊन ऐकवलं. ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट कन्नडात, मी सही केली, त्यात काय लिहिलंय देव जाणे, मी कदाचित माग विकतपण घेतला असेल. घोडं अडलं ते आरआर नंबरवर. २०२३ पासून २०० युनिटपर्यंत करंट फुकट, भाडेकरूलापण मिळतो, पण त्याला मीटरचा आरआर नंबर लागतो आणि तो मागितल्यावर मावशी अशा बघाय लागल्या जणू मी सातबारा मागितलाय. "भाच्याला विचारून सांगते," म्हणाल्या. भाचा हुबळीला असतो. अजून यायचाय.

पण सवय झाली, खरंच झाली. पंधरा दिवसांत त्या खटखटीशिवाय झोप येईना. मग एका रात्री दोन वाजता दचकून उठलो, काय झालं कळेना, छातीत धडधड. खटखट बंद! खिडकीतनं बघतो तर अख्खी गल्ली बाहेर, कुणी लुंगीवर, कुणी पोरगं काखेत घेऊन, सगळे जांभया देत उभे.

मी खाली उतरलो. "काय झालं ओ मावशी?"

"करंट गेला. आता कुठली झोप येतीय? बसा." त्यांनी कट्ट्यावर सरकून जागा केली. थोडा वेळ कोणच काय बोललं नाही. एवढ्या शांततेत आम्ही दोघं पहिल्यांदाच भेटत होतो, त्यामुळं मावशींना आठवण झाली असावी.

"तुम्ही पाटील न्हवं? त्या दिवशी मागाच्या आवाजात विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या, "पाटील म्हणजे कुठले पाटील?"