सॅमन वाचवायचा आहे? मग घाई नको

अभिनंदन! इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सॅमनचं खातं तुमच्या गळ्यात पडलं आहे. (आपल्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून ताटात येतो तो आपला रावस. त्याचं नि याचं दूरचंही नातं जुळत नाही, तेव्हा चवीवरून धोरण ठरवू नका.)

आधी जाळं बघून घ्या. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं, मधे नायलॉनचा पडदा. एकेरी धागा, इतका बारीक की भरदिवसा माशाला दिसू नये. कोबल नावाच्या लाकडी होडीतून तो सोडायचा आणि प्रवाहाबरोबर वाहू द्यायचा. सॅमन आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, डोकं घालतो. पुढे अंग जात नाही, मागे यावं तर कल्ले अडकतात. ही अवस्था नीट लक्षात ठेवा, पुढे बैठकांमध्ये ओळखीची वाटेल.

सॅमन जन्मलेल्या नदीचा वास काढत घरी परततो, पण तो कुठल्या नदीचा, हे जाळ्याला कळत नाही. एका नदीत मासे भरपूर, दुसरीत मोजून चार, अडकतात दोघीतलेही. हे तर तुमच्या पथ्यावरच पडलं. ‘आणखी अभ्यास हवा’ म्हणा आणि चहा मागवा.

स्कॉटलंडचं ऐकू नका. त्यांनी १९६२ मध्येच वाहती जाळी बंद केली आणि त्यांच्या नद्यांकडे निघालेले मासे इंग्लंडच्या बाजूला, नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर पकडले जात राहिले. शेजाऱ्याने उपास धरावा, आपण पान वाढून घ्यावं.

फारच ओरड झाली तर ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडने ठरवलं, नवे परवाने नाहीत. जुने कोळी थकतील तशी जाळी मिटतील. माशाचं संवर्धन कोळ्याच्या गुडघेदुखीवर सोपवलं! मधे २००३ मध्ये पैसे देऊन बरेच परवाने सोडवले, तरी शेवटची वाहती जाळी मिटायला २०१८ उजाडलं. आयर्लंडने भरपाई देऊन २००७ पासून एका फटक्यात बंद केली. असला उतावळेपणा तुम्हाला शोभणार नाही.

गळवाल्या साहेबांना मात्र दुखवू नका. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ट्वीड नदीवर चांगल्या जागी दिवसभर गळ टाकायला ते शेकडो पौंड मोजतात, मासा कुशीत घेऊन फोटो काढतात आणि सोडून देतात. कोळी मासा विकतो, म्हणून संशय त्याच्यावर. कायदाही हाताशी आहे: १९८६ च्या सॅमन कायद्यात ‘संशयास्पद परिस्थितीत सॅमन हाताळणे’ हा गुन्हाच आहे. थट्टा नाही.

एवढं करूनही २०२३ मध्ये ब्रिटनचा सॅमन धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. कुणी नद्यांतलं सांडपाणी, बंधारे, तापलेला समुद्र असलं काही काढलं तर गडबडू नका. एखादी जुनी कोबल अजून धक्क्याला असेल. तिच्याकडे बोट दाखवा.