संघटनेचं सर्टिफिकेट आणि पश्चिमेची भिंत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कोथरूडच्या तुमच्या सोसायटीचं बाहेरचं रंगकाम करणारा कॉन्ट्रॅक्टर कंत्राटदारांच्या संघटनेचा सभासद होता, तरी दोन पावसाळ्यांत पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे निघाले. संघटना म्हणजे वर्गणी, स्नेहभोजन आणि व्हिजिटिंग कार्डावरचा शिक्का. शिवाय ही मंडळी आतून एकत्र येऊन भाव वाढवतात.

भावाचं आधी सांगतो. एकत्र बसून दर ठरवायला स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ ने मनाई आहे. २०१२ साली स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांबरोबर त्यांच्या संघटनेलाही दंड ठोठावला होता; ते प्रकरण पुढे वरच्या न्यायाधिकरणांपर्यंत गेलं. ‘या दराखाली काम घ्यायचं नाही’ असं सभासदांना सांगणारी संघटना असेल, तर तुमचा राग रास्त आहे. पण दर ठरवणं वेगळं आणि दरात कोणकोणतं काम धरलंय ते सगळ्यांनी एकाच तक्त्यात लिहून देणं वेगळं. आमच्या मते संघटनेचा खरा उपयोग या दुसऱ्या गोष्टीत आहे.

कारण ‘वॉशिंग, क्रॅक फिलिंग, एक प्रायमर, दोन कोट’ एवढ्या एका ओळीत दोन अगदी वेगळी कामं लपतात. नीट तक्ता असेल तर त्यात लिहिलेलं असतं : प्रेशरने धुणं, शेवाळावर ब्लीचचं पाणी मारून, मुरू देऊन पुन्हा धुणं, प्लास्टर ठोकून बघणं आणि बद्द आवाज येईल तेवढा भाग काढून नवं करणं, नव्या प्लास्टरला किमान ७ दिवस पाणी आणि रंगाआधी साधारण २८ दिवस. बारीक केसासारख्या भेगेला फिलर पुरतो, पण कॉलम-बीम आणि विटांच्या जोडावरची भेग व्ही आकारात उघडून, भरून, वर जाळी घेतल्याशिवाय पुन्हा फुटते, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात सारखं फुगत नाहीत. आतल्या भिंतीची अ‍ॅक्रिलिक पुट्टी बाहेर चालत नाही, ती ओल धरून सुटते. हे न लिहिणाऱ्याचा दर कमीच येणार आणि प्रामाणिक माणूस टेंडरमध्ये मागे पडणार.

मालाचा हिशोबही त्याच तक्त्यात हवा. बाहेरचा इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) दोन कोटांत लिटरमागे ४० ते ६० चौरस फूट जातो. समजा क्षेत्र २०,००० चौरस फूट आणि सरासरी ५० धरली, तर ४०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या २० बादल्या. साईटवर १३ रिकाम्या बादल्या सापडल्या, तर उरलेलं पाण्याने भरून काढलंय.

दुसरा उपयोग माणसांचा. बहुतेक कॉन्ट्रॅक्टरकडे कायमची आठ-दहा माणसं. मे महिन्यात घाई झाली की नाक्यावरची माणसं झुल्यावर (दोरांनी टांगलेल्या फळीवर) चढतात. उंचीवरचं प्रशिक्षण, फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा), कामाच्या दोरीपासून वेगळी बांधलेली लाईफलाईन, म्हणजे जीव वाचवणारी दुसरी दोरी (टाकीच्या पाईपला बांधलेली नव्हे) हे एकट्याला महाग पडतं, दहा जणांनी मिळून केलं तर परवडतं. कामगार विम्याचंही तसंच. पॉलिसी असते, पण दोन माणसांची. दोरीवर असतात दहा. अपघात झाला तर सोसायटीही त्यात ओढली जाते. म्हणून पॉलिसीतली कामगारसंख्या आणि कामाची उंची वाचून घ्या.

आता कोणती संघटना, हेही बघायला हवं. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ साली पुण्यातच, लष्करी बांधकामांच्या कंत्राटदारांनी सुरू केली. तिचा आवाका मोठ्या कामांचा. क्रेडाई ही विकासकांची संघटना. रंग आणि वॉटरप्रूफिंगची छोटी टीम यांपैकी कुठेच नीट बसत नाही. या कामासाठी स्थानिक पातळीवर संघटना हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं ते म्हणूनच.

सर्टिफिकेट दाखवणाऱ्याला एकच विचारा : तक्रार आली तर ते काम न केलेला दुसरा सभासद येऊन भिंत बघतो का आणि लेखी अहवाल देतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते सर्टिफिकेट वर्गणीची पावती आहे. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर. कंपनीच्या वॉरंटीवरही विसंबू नका. ती बहुधा मालापुरती असते, भिंत तयार करण्यातली चूक तिच्यात येत नाही. त्यासाठी बिलाचे ५ ते १० टक्के किमान एक पावसाळा राखून ठेवणं हाच उपाय.

तुमच्या भिंतीबद्दल. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा सगळ्यांत जास्त आणि दुपारचं ऊनही तिलाच. पण सगळं खापर पावसावर फोडू नका. एक पोपडा काढून त्याची मागची बाजू बघा. भुकटी चिकटलेली असेल, तर जुना खडूसारखा थर घासला नाही किंवा प्रायमर गाळला. मागे ओल आणि पांढरे क्षार असतील, तर पाणी आतून येतंय : गच्चीचा कठडा, छज्ज्याचा उलटा उतार, खिडकीची चौकट, पावसाच्या पाईपचे जोड तपासा. फक्त वरचा कोट सुटला असेल, तर दोन कोटांत वेळ दिला नाही किंवा मधे धूळ बसली. पाऊस संपल्यावर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर अजून रंगाला हात लावू नका.

संघटनेला लेखी तक्रार केल्याचं तुमच्या प्रतिक्रियेत दिसलं नाही. ती करा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पोपड्यांचे फोटो मागच्या बाजूनेही काढून पत्राला जोडा.