नाओतो कान यांच्यावरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेबद्दल

नमस्कार. फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघाताच्या वेळी जपानचे पंतप्रधान असलेल्या नाओतो कान यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘ज्यांनी आयुष्यात प्लांटचं गेट पाहिलं नाही अशी तुमच्यासारखी माणसं खुर्चीत बसून कानना हिरो ठरवतात. त्यांच्या हेलिकॉप्टरवारीमुळेच व्हेंटिंग लांबलं.’ (व्हेंटिंग म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या कवचातला दाब कमी करायला आतली वाफ बाहेर सोडणं.)

आधी माझी चूक. १२ मार्च २०११च्या सकाळी कान प्रकल्पावर दोन तास होते असं मी लिहिलं होतं. ते तासाभराच्या आतच निघाले. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘गेट पाहिलं नाही’? ओळख ना पाळख, आणि थेट हे? एकोणीस वर्षं मी एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट केल्या आहेत. एका पावसाळी रात्री अमोनियाची लाइन फुटली. डोळ्यांची आग, नाकाला ओला रुमाल, आणि मी नि एक हेल्पर गंजलेल्या वॉल्व्हचं चाक फिरवतोय. अर्धा फेरा फिरवायला दोघांचा जीव जात होता. साहेबांना फोन लावला तर म्हणाले, ‘सकाळी रिपोर्ट द्या.’ त्यांची गाडी आली अकराला, तीही ऑफिसपर्यंतच. हेल्पर पुढे महिनाभर खोकत होता. म्हणून जो पंतप्रधान सकाळी सातला प्रकल्पप्रमुख मासाओ योशिदांसमोर जाऊन बसतो आणि व्हेंटिंग का होत नाही ते विचारतो, त्याचं मोल मला कळतं. तुम्हाला कळत नसेल तर नसो, पण मला अडाणी ठरवू नका.

व्हेंटिंगचं म्हणाल तर वीजच नव्हती. वॉल्व्ह हातानं उघडायचे, काळोखात, किरणोत्सारात. पहिली जोडी एक वॉल्व्ह पाव उघडून आली. दुसरीला किरणोत्सार वाढल्यामुळे अर्ध्या वाटेतून परतावं लागलं. हे सगळं नऊनंतरचं. कान आठच्या सुमारासच गेले होते.

अपघाताची चौकशी करणाऱ्या जपानच्या संसदीय आयोगाचा ठपका, किरणोत्साराच्या अंदाजाचे नकाशे लोकांपर्यंत उशिरा पोचले वगैरे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर इथे लिहीत बसत नाही. त्याच आयोगानं २०१२मध्ये हा अपघात मानवनिर्मित म्हटला, ते मात्र तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

१५ मार्चच्या पहाटे कान स्वतः प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीच्या मुख्यालयात गेले आणि प्रकल्प सोडून माघार घेता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. आमच्याकडे अमोनियाच्या त्या रात्री गेटवर वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. पुन्हा जरूर लिहा, पण ‘तुमच्यासारखी माणसं’ ही भाषा असेल तर मी उत्तर देणार नाही.